दाव्हिदचा घोडेस्वार पोतोत्स्की: ७० × ५० सेंटीमीटर कॅनव्हासवर तैलरंगात प्रत कशी करावी

या चित्राची प्रत फसते ती बहुतेक वेळा घोड्यात, चेहऱ्यात नव्हे. घोडा पांढरा दिसतो म्हणून हात सरळ पांढऱ्या रंगाच्या ट्यूबकडे जातो. मग स्वाराच्या सदऱ्यासाठी त्याहून उजळ काही उरत नाही आणि चित्रातला माणूस घोड्यामागे लपतो. खाली दिलेली सगळी पद्धत ही एक चूक टाळण्याभोवती बांधलेली आहे.

आधी मूळ चित्राबद्दल प्रत करणाऱ्याला लागेल तेवढे. फ्रेंच चित्रकार झाक-लुई दाव्हिदने हे चित्र १७८१ साली पूर्ण केले. कॅनव्हासवर तैलरंग, आकार ३०४ × २१८ सेंटीमीटर. आज ते वॉर्सातल्या विलानुफ राजवाड्याच्या संग्रहालयात आहे. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांनी तिथून उचलले, पुढे ते सोव्हिएत संघात गेले आणि १९५६ साली परत आले. घोड्यावर बसलेला स्तानिस्वाफ कोस्तका पोतोत्स्की तेव्हा जेमतेम पंचविशीतला होता. पुढे तो १७८८ ते १७९२ च्या चार वर्षांच्या सेयममध्ये (पोलंडच्या संसदेत) सुधारणावाद्यांच्या बाजूने उभा राहिला, ३ मे १७९१ च्या संविधानाचा पाठीराखा होता, १८०५ मध्ये त्याने विलानुफमधला आपला संग्रह लोकांसाठी खुला केला आणि नंतर शिक्षणमंत्रीही झाला. पण हे सगळे चित्रानंतरचे. त्यामुळे प्रत करताना त्याच्या चेहऱ्यावर मुत्सद्द्याचे गांभीर्य चढवू नका. समोर आहे तो प्रवासाला निघालेला, कलेचे वेड असलेला, घोड्यावर मांड पक्की असलेला तरुण सरदार. नेपल्समध्ये त्याने एक बेफाम घोडा वठणीवर आणला आणि दाव्हिदने तो प्रसंग पाहिला, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, पोज समजून घ्यायला ती कामाची आहे: घोडा मान वाकवतो, स्वार टोपी काढून अभिवादन करतो, आणि कुठेही ओढाताण दिसत नाही.

दुसरे, दाव्हिदच्या नावासोबत येणाऱ्या ‘नवअभिजात’ (प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणारी शैली) या शब्दाने बिचकू नका. दाव्हिदचे ते कडक, कातीव रेषेचे रूप पक्के झाले ‘होरेशियसपुत्रांची शपथ’ या चित्रात, म्हणजे १७८५ च्या सलोंपर्यंत (पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनापर्यंत). पोतोत्स्कीच्या चित्रात रुबेन्स आणि व्हॅन डाइक यांच्या अश्वारूढ चित्रांचा उबदारपणा अजून शिल्लक आहे. आयाळ, शेपूट, कापड यांत ब्रश मोकळा फिरलेला आहे. सगळ्या कडा सुरीने कापल्यासारख्या केल्यात, तर प्रत दाव्हिदसारखी दिसण्याऐवजी पत्र्यावरच्या जाहिरातीसारखी दिसेल.

आकार आणि संदर्भचित्र

मूळ चित्राची रुंदी उंचीच्या ०.७१७ पट आहे. बाजारात तयार मिळणाऱ्या चौकटींत ७० × ५० सेंटीमीटर ही त्याच्या सर्वांत जवळची: ७० उंचीला ५०.२ रुंदी लागते, म्हणजे फरक अवघा दोन मिलिमीटरचा. १०० × ७० घेतलीत तर बाजूने पावणेदोन सेंटीमीटर चित्र कापावे लागते, आणि तो मार शेपटीला किंवा कुत्र्याला बसतो. ७० × ५० वर प्रमाण साधारण १ : ४.३४ पडते. स्वाराचे डोके जवळपास पाच सेंटीमीटरचे होईल. याहून लहान कॅनव्हासवर चेहरा करू नका, ब्रशचे टोकच डोळ्याएवढे होते.

संदर्भासाठी संग्रहालयाची किंवा दुसरी कुठली मोठ्या रिझोल्यूशनची प्रतिमा घ्या. चित्रकार १८२५ मध्ये वारला, तेव्हा चित्र स्वामित्वहक्काच्या बाहेर आहे. मात्र तीन गोष्टी तपासा. कुत्रा खाली डाव्या कोपऱ्यात हवा, उजवीकडे असेल तर प्रतिमा उलटी छापली आहे. उंची-रुंदीचे गुणोत्तर मोजा, कारण नेटवरच्या अनेक प्रतिमा कडेने छाटलेल्या असतात. आणि रंगाची झाक: एकाच चित्राच्या दोन प्रतिमांत भिंत एकीकडे पिवळट, एकीकडे करडी दिसेल. सदऱ्यातली सावली ज्या प्रतिमेत पिवळीही नाही आणि निळीही नाही, ती मुख्य धरा. ए-३ कागदावर छापताना रुंदी २९.७ ठेवली की उंची ४१.४ येते. प्रिंटरला ‘कागद भरून छाप’ असे सांगू नका, घोडा उंच होतो.

शिवाय एक कृष्णधवल प्रिंट काढा. रंगवताना रंगीत प्रिंटपेक्षा हीच जास्त उपयोगी पडते.

कॅनव्हास

मध्यम-बारीक विणीचे लिनन, ८२ × ६२ सेंटीमीटरचा तुकडा, म्हणजे चारही बाजूंनी सहा सेंटीमीटर वळवायला मिळतात. समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे खिळे मारत जा. ॲक्रिलिक जेसोचे (कॅनव्हासला लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्या, प्रत्येक हात आधीच्याशी काटकोनात. दोन हातांमध्ये किमान चार तास. दुसऱ्या आणि तिसऱ्या हातानंतर २२० नंबरच्या सँडपेपरने हलकेच घासा. शेवटच्या हातानंतर तीन दिवस थांबा. वरून कोरडा दिसणारा जेसो आतून ओलसर असतो, त्यावर लगेच तैलरंग चढवला की पकड कच्ची राहते.

मग पार्श्वरंग: यलो ऑकर दोन भाग, रॉ अंबर एक भाग, चिमूटभर आयव्हरी ब्लॅक, टर्पेंटाइनने पातळ करून कापडाने चोळा. छटा मधली हवी, १ म्हणजे काळा आणि ९ म्हणजे पांढरा धरला तर ५ च्या आसपास. पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात केली की प्रत्येक छटा शेजारच्या पांढऱ्यापुढे गडद भासते, हात आपोआप फिकट लावत जातो, आणि नेमका घोडाच बिघडतो. दोन दिवस वाळू द्या.

रंग

टायटॅनियम व्हाइट (४० मिलिलिटरच्या दोन ट्यूब), यलो ऑकर, नेपल्स यलो, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक, प्रशियन ब्लू, कॅडमियम रेड लाइट आणि कायम टिकणारा अलिझारिन, एवढे पुरे. पांढरा सोडून बाकी सगळ्यांच्या लहान ट्यूब घ्या. प्रशियन ब्लू तर संपूर्ण चित्राला चमचाभरही लागत नाही.

निवड अशी का? दाव्हिदकडे कोबाल्ट ब्लू नव्हता (तो १८०२ चा), कृत्रिम अल्ट्रामरीन नव्हता (१८२८ चा), टायटॅनियम तर विसाव्या शतकातला. प्रशियन ब्लू मात्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून होता. त्याचा पांढरा लेड व्हाइट. तो विषारी आहे, घरी वापरायची गरज नाही. पण टायटॅनियम त्यापेक्षा जास्त झाकतो आणि थंड असतो, म्हणून मिश्रणात पांढरा अंदाजापेक्षा निम्मा घ्या आणि प्रत्येक ढिगाऱ्यात यलो ऑकरचा कण टाका. झिंक व्हाइट टाळा, तो जाड थरात ठिसूळ होऊन तडकतो. तेव्हाचा खरा लाल व्हर्मिलियन, तो पाऱ्याचा. त्याच्या जागी कॅडमियम चालतो, फक्त जरा मळवून वापरा.

माध्यम: पहिल्या थराला नुसते टर्पेंटाइन, तेही थोडेच. दुसऱ्याला एक भाग स्टँड ऑइल (घट्ट केलेले जवसाचे तेल), तीन भाग टर्पेंटाइन. शेवटच्याला एकास एक. वरचा थर नेहमी जास्त तेलकट हवा, नाहीतर खालचा हळू वाळणारा थर हलत राहतो आणि वरचा तडकतो. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

रेखाटन

प्रिंट आणि कॅनव्हास, दोन्हींची उंची आठ भागांत आणि रुंदी आठ भागांत विभागा. चौरस पडणार नाहीत, आयत पडतील, आणि तेच सोयीचे: प्रिंट कोणत्याही मापाची असली तरी हिशेब करावा लागत नाही. कॅनव्हासवर एक खाना ८.७५ × ६.२५ सेंटीमीटरचा येतो. मूळ चित्रात तोच ३८ × २७.२५ असतो, म्हणजे एका खान्यात दाव्हिदने आख्खे डोके सहज मावेल एवढी जागा रंगवली आहे. आपल्या प्रतीत तपशील का गाळावे लागतात ते यावरून कळेल.

वेलीच्या मऊ कोळशाने काढा, आणि खाना-खाना भरत जाऊ नका. आधी चार मोठ्या रेषा टाका: स्वाराच्या डोक्यापासून खोगिरावरून रिकिबीपर्यंतची उभी रेष, घोड्याच्या मानेचा वरचा बाक, पाठीची रेष पुठ्ठ्यापर्यंत (घोड्याच्या मागच्या गोल भागापर्यंत), आणि टोपी धरलेल्या लांब हाताची तिरकी रेष. या चार बसल्या की चित्र उभे राहिले. टोपी, घोड्याचे डोके आणि कुत्रा ही तिन्ही डावीकडे आहेत. त्या वजनाला तोलून धरते उजवीकडची शेपूट. म्हणून शेपूट ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका, तिचा आकार पहिल्याच दिवशी टाका.

घोड्यात कुठे चुकते? पहिली जागा मान. वाकवलेली मान छातीला मिळते तिथे ती रुंद होते, पण हात दोन्ही कडा समांतर काढत जातो. दोन खान्यांत दोन ठिकाणी मानेची रुंदी प्रत्यक्ष मोजून घ्या. दुसरी जागा पुढचे पाय. उचललेला पाय बघताना टेकलेल्या पायाकडे दुर्लक्ष होते, आणि घोडा हवेत तरंगतो. टेकलेल्या प्रत्येक खुरावरून उभी रेष वर न्या आणि ती शरीराच्या कुठल्या भागाला छेदते ते प्रिंटशी ताडून पाहा. तिसरी जागा स्वाराची मांडी. ती खोगिराला चिकटून खाली उतरते. गुडघा जरा जरी वर गेला, की माणूस खुर्चीवर बसल्यासारखा दिसतो आणि सगळा डौल जातो.

शेवटी प्रिंट आणि कॅनव्हास दोन्ही आरशात पाहा. चूक लगेच ओरडते. रेखाटन पटले की कोळसा झटका आणि पातळ रॉ अंबरने, सहा नंबरच्या मऊ ब्रशने, रेषा पक्क्या करा. खान्यांच्या रेषा आता पुसून टाका.

छटांचा थर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

१ म्हणजे काळा आणि ९ म्हणजे ट्यूबमधला निखळ पांढरा, अशी पट्टी एका कार्डावर रंगवून शेजारी ठेवा. पट्टी करायला तासभर जातो, पण तो वाचवू नका. मग चित्राची वाटणी आधीच ठरवून टाका. भिंत ३ ते ५. घोड्याचा प्रकाशातला भाग ६ ते ७. घोड्याचा सावलीतला भाग ४ ते ५, म्हणजे भिंतीएवढाच. स्वाराची फिकट विजार ७. सदरा ८. आणि ९? तो चित्रभर मोजून पाच-सहा ठिपक्यांपुरता: बाहीच्या घडीची एखादी कड, लगामाच्या धातूवरची चमक, डोळ्यातला थेंब.

या वाटणीप्रमाणे रॉ अंबर, काळा आणि पांढरा एवढ्यांतच सबंध चित्र रंगवा. सावल्या पातळ, इतक्या की पार्श्वरंग झिरपून दिसेल. उजेड घट्ट. सावलीत पांढरा मिसळू नका, ती पिठूळ होते. दाव्हिद सुरुवातीचे पातळ तपकिरी थर कसे चोळत असे, ते त्याच्या १८०० सालच्या मादाम रेकामियेच्या अपूर्ण चित्रात उघडे राहिले आहे. पार्श्वभूमी कशी चोळायची ते तिथे पाहून घ्या.

घोड्याच्या अंगावर काम करताना केस विसरा, गोलाई बघा. छाती, खांदा, पोट, पुठ्ठा हे चार मोठे गोल आहेत आणि प्रत्येकाची सावली वेगळ्या ठिकाणी वळते. सावलीची कड पोटाखाली मऊ, खांद्याच्या हाडाशी टोकदार. पोटाची आणि मागच्या पायांची सावली भिंतीच्या किंवा जमिनीच्या छटेत मिसळत असेल तिथे कड हरवू द्या. सगळी बाह्यरेषा शाबूत ठेवायचा मोह होतो, पण तीच घोड्याला कागदी कात्रण बनवते.

पाच पावले मागे जा, डोळे बारीक करा. पहिली नजर सदऱ्यावर आणि चेहऱ्यावर जाते का? घोड्याच्या पुठ्ठ्यावर जात असेल तर पुठ्ठा एका पायरीने खाली आणा. फोनवर कृष्णधवल फोटो काढून छापील प्रिंटशेजारी ठेवला तरी हे कळते. या थराला चार ते सहा दिवस वाळायला द्या. रॉ अंबर लवकर वाळतो, पण आयव्हरी ब्लॅक जास्त पडला असेल तिथे आठवडा लागेल. बोटाला चिकटत असताना पुढे जाऊ नका.

रंगाचा थर

भिंतीपासून सुरुवात. काळा, पांढरा, ऑकर यांचा करडा, त्यात जागोजागी बर्न्ट सिएनाची ऊब. एकसारखी पुसलेली भिंत मेलेली दिसते. जवळजवळ कोरड्या ब्रशने वरच्यावर ओढा, खालचा तपकिरी मधूनमधून दिसू द्या.

घोडा: प्रकाशात पांढरा, ऑकर आणि काळ्याचा कण. मधल्या छटेत काळा-पांढरा एवढेच, ते शेजारच्या उबदार रंगापुढे आपोआप निळसर दिसते, निळा घालायची गरज नाही. सावलीत रॉ अंबर आणि सिएना. नाकपुडीजवळ, डोळ्याभोवती लालसर तपकिरीची हलकी झाक. आयाळ आणि शेपूट ओल्या रंगातच, लांब केसांच्या फिल्बर्टने (गोलसर टोकाच्या चपट्या ब्रशने), मुळाकडून टोकाकडे एका ओढीत. एकेक केस काढू नका. आठ-दहा मोठ्या बटा करा आणि टोकाला दोन-चार सुटे केस सोडा.

स्वाराच्या छातीवरचा निळा पट्टा. हा श्वेत गरुड सन्मानाचा, १७०५ साली सुरू झालेल्या पोलंडच्या सन्मानाचा आहे, आणि चित्रात खरा निळा म्हणावा असा हाच. म्हणूनच तो जपून. प्रशियन ब्लू फार ताकदीचा: चाळीस भाग पांढऱ्याला एक भाग इथपासून सुरू करा आणि सुरीच्या टोकाने वाढवत जा. उलट केलेत, म्हणजे निळ्यात पांढरा घालत बसलात, तर ट्यूब संपेल आणि निळा हटणार नाही. मिश्रणात बर्न्ट सिएनाचा स्पर्श दिला की त्याचा हिरवट उग्रपणा मरतो. पट्टा रेशमी आहे, तेव्हा त्याची चमक घडीच्या माथ्यावर एकदम उठते आणि लगेच संपते. पट्ट्यासाठी वापरलेला ब्रश त्या दिवशी दुसऱ्या कशालाही लावू नका. प्रशियन ब्लू मुळाशी लपून बसतो आणि अर्ध्या तासाने तोच सदरा हिरवा करतो.

चेहरा एका बैठकीत, ओल्यात ओला. पांढरा, ऑकर, कॅडमियम रेडचा कण हा प्रकाश. गाल आणि कानाला अलिझारिनची पुसट झाक. सावलीकडे वळताना काळा-पांढऱ्याचा करडा, मग रॉ अंबर-सिएना. पाच सेंटीमीटरच्या डोक्यात पापण्यांचे केस काढण्याला अर्थ नाही. डोळ्याच्या खळगीची सावली, नाकाच्या खालची सावली आणि खालच्या ओठाखालची सावली, या तीन बरोबर पडल्या की माणूस ओळखू येतो. बिघडला तर लगेच टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसा, खालचा वाळलेला थर तसाच राहतो.

सदरा सगळ्यात शेवटी, कारण त्याची छटा घोड्यावरून ठरायची आहे. जमिनीवरचे गवत-पेंढे अगदी वरवर: गडद जमिनीवर ऑकर आणि नेपल्स यलोचे बारीक फटकारे, पुढे ठळक, मागे विरलेले. कुत्र्याला खूप वेळ देऊ नका. तो भुंकतो आहे, डाव्या कोपऱ्यातून नजरेला आत ढकलतो आहे, एवढे काम झाले की पुरे.

कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे मात्र लक्ष द्या. दाव्हिदने आपली सही तिथे केली आहे. प्रतीत ती उतरवू नका. पट्टा कोरा ठेवा किंवा स्वतःची आद्याक्षरे घाला, आणि कॅनव्हासच्या मागे न पुसणाऱ्या शाईने ‘दाव्हिदच्या १७८१ च्या चित्रावरून प्रत’, स्वतःचे नाव, साल आणि माप लिहा. अभ्यासाची प्रत आणि बनावट चित्र यांत हाच फरक असतो. म्हणूनच प्रत मूळ मापाची करायचीही नसते, संग्रहालयांत बसून प्रत करू देतात तिथेही ही अट घालतात.

वाळवणे आणि व्हार्निश

पाठ भिंतीला न टेकवता, धूळ नसलेल्या उजेडाच्या खोलीत ठेवा. अंधारात वाळवलेले जवसाचे तेल पिवळे पडते. दोन-तीन आठवड्यांत काळे आणि तपकिरी भाग मलूल, कोरडे दिसू लागतील. तो रंग बिघडलेला नसतो, तेल खाली शोषले गेलेले असते. तेवढ्या जागी रीटच व्हार्निशचा (तात्पुरत्या पातळ व्हार्निशचा) अगदी पातळ हात द्या. शेवटचे व्हार्निश सहा महिन्यांनी, पांढरा जाड लागला असेल तर वर्षाने. आधी कोपऱ्यात टर्पेंटाइनचा ओला कापूस फिरवून पाहा, कापसाला रंग लागला तर अजून थांबा. चमकदार व्हार्निशने भिंतीवर प्रतिबिंबे पडतात आणि ३ ते ५ मधल्या छटा दिसेनाशा होतात, तेव्हा एक भाग चमकदार आणि एक भाग मॅट मिसळून रुंद मऊ ब्रशने, कॅनव्हास आडवा ठेवून लावा. एक दिवस तसाच आडवा राहू द्या.